मुलांना मारायचं हे माणूस शिकला कुठून?

अर्धवट_पालक:

पोस्ट लांबलीये, आधीच सॉरी.

परवा मुलाला फटका मारला. वय सात. कारण सांगायची पण लाज वाटते, तीनदा सांगून टॅब बंद केला नाही, चौथ्यांदा मी हातातून ओढला तर त्याने मला ढकललं आणि माझा हात उठला. दंडावर चार बोटं उमटली. पाच-दहा मिनिटांत गेली पण मला अजून दिसतायत. तो रडला नाही, नुसता बघत राहिला. रात्री लाईट बंद केल्यावर अंधारातच विचारलं, "बाबा, तुला मारायला कुणी शिकवलं?"

मी म्हणणार होतो की असं कुणी शिकवत नसतं रे, राग आला की होतं. पण राग तर मला साहेबाचाही येतो, रोज येतो, तिथे हात कसा खिशात राहतो? म्हणजे कुणावर उठायचं आणि कुणावर नाही हे त्या हाताला बरोब्बर माहीत आहे, आणि ते त्याला कुठून तरी कळलेलं असणार.

तर प्रश्न असा. मारणं चूक की बरोबर हा वाद इथे नको, त्याचे धागे पैशाला पासरी आहेत. मला हे हवंय की हे आलं कुठून? सगळ्या समाजात पहिल्यापासून होतं का? धर्मातून आलं की शाळेतून? "पूर्वापार चालत आलंय" म्हणतात, तर पूर्वापार म्हणजे नक्की कधीपासून? कुणी वाचलं असेल तर सांगा.

मातीची_पाटी:

आवडता विषय काढलात, आता भोगा :)

पूर्वापारचं म्हणाल तर लिखित पुरावा साधारण ४००० वर्षं मागे जातो. सुमेर, म्हणजे आजचा दक्षिण इराक. तिथे लेखनिक तयार करायच्या शाळा होत्या, एडुब्बा म्हणायचे, अर्थ मातीच्या पाट्यांचं घर (माझा आयडी तिथूनच). एका पाटीवर शाळकरी पोराचा दिवस लिहिलाय. उशीर होईल म्हणून घाबरत घाबरत शाळेत जातो आणि मग माराची रांग लागते. न विचारता बोललास म्हणून छडी, न विचारता उठलास म्हणून छडी, दारातून बाहेर गेलास म्हणून, सुमेरियन बोलला नाहीस म्हणून, अक्षर वाईट म्हणून. प्रत्येक गोष्टीला वेगळा माणूस मारणारा. पोरगं घरी येऊन बापाला म्हणतं, गुरुजींना एकदा घरी बोलवा. बाप बोलावतो, मानाच्या जागी बसवतो, नवे कपडे, बोटात अंगठी, वर पैसे. मग गुरुजी विरघळतात आणि तू केवढा मोठा होणार म्हणून पोराची तोंड भरून स्तुती करतात. संपली गोष्ट.

मला यात सगळ्यात भारी वाटतं ते पुढचं, की या गोष्टीच्या भरपूर प्रती सापडल्या कारण ती पोरांना हस्ताक्षराच्या सरावाला द्यायचे. म्हणजे छड्या खाणाऱ्या पोराची गोष्ट पोरंच ओल्या मातीवर उतरवून काढत बसलीयेत, आणि अक्षर चुकलं की परत छडी.

इजिप्तमध्ये एका पपायरसवर वाक्य आहे की मुलाचा कान पाठीवर असतो, मारलं की ऐकू येतं. ते पण लेखनिकांच्या शाळेतलंच.

आता संस्कृतकडे या. पतंजलीचं महाभाष्य, ढोबळ मानाने इ. स. पू. दुसरं शतक. त्यात जाता जाता उदाहरण येतं की उदात्त (वरचा) स्वर लावायचा तिथे पोराने अनुदात्त (खालचा) लावला तर खंडिकोपाध्याय, म्हणजे शिकवणारा गुरू, त्याला चपेटा देतो. चपेटा म्हणजे आपली चपराक. व्याकरणाच्या ग्रंथात हे असं सहज येतं म्हणजे वाचणाऱ्याला त्यात नवल काहीच नव्हतं. त्याच ग्रंथात श्लोक पण आहे, गुरू अमृताच्या हाताने मारतात विषाच्या नाही, लाडाने दोष येतात आणि ताडनाने गुण.

आणि जाता जाता, आपला 'शिक्षा' शब्द बघा. वेदांगांमधलं एक अंग शिक्षा, म्हणजे उच्चाराचं शास्त्र. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. आणि मराठीत? उच्चार चुकला तर जे मिळायचं ते. आपण अख्खा शब्दच तिकडे नेऊन ठेवला. लॅटिनमध्ये पण असाच प्रवास झालाय, डिसिप्लिना म्हणजे आधी शिकणं, शिष्यपण, आणि पुढे मठांमध्ये साधू स्वतःला फटके मारून घ्यायचे त्या चाबकालाच डिसिप्लिना म्हणायला लागले.

जुनी_वही:

लालयेत् पंच वर्षाणि दश वर्षाणि ताडयेत्. पाच वर्षं लाड, पुढची दहा वर्षं ताडन, सोळाव्याला मित्र. पूर्वजांनी विचार करूनच लिहिलंय ना. आम्हीपण मार खाल्ला, काही बिघडलं नाही आमचं. आजकाल एक फटका मारला की इतिहास शोधत बसतात.

मातीची_पाटी:

@जुनी_वही, पूर्वज एकाच सुरात बोलत नव्हते हो. गौतम धर्मसूत्र काढून बघा, शिष्याला न मारता वळण लावावं हा पहिला नियम. नाहीच जमलं तर बारीक दोरी नाहीतर चिरलेली वेळूची (बांबूची) कांब. त्याशिवाय दुसऱ्या कशाने मारलं तर राजाने गुरूलाच शासन करावं. मनुस्मृतीत पण पाठीवर मारा, डोक्यावर कधीच नाही, नाहीतर मारणाऱ्याला चोराइतकं पाप. आता कुणी असे नियम कधी लिहितं? जेव्हा गुरुजी हाताला येईल त्याने आणि येईल तिथे हाणत असतात तेव्हा. आपल्याकडे लक्षात मात्र नेमका तो ताडयेत् वाला श्लोक राहिला कारण तो सोयीचा आहे आणि चालीत बसतो.

रोमन क्विंटिलियन तर इ. स. पहिल्या शतकात सरळ सांगतो की मुलांना मारू नये. तो स्वतः शिक्षक बरं का. त्याचं म्हणणं, एक तर हा प्रकार गुलामांना शोभणारा, दुसरं म्हणजे जो बोलण्याने सुधारत नाही तो माराला पण निर्ढावतो, आणि तिसरं मला फार आवडतं, लहान आहे तोवर माराल, मोठा झाल्यावर जेव्हा धाक चालणार नाही आणि शिकायचं त्याहून कठीण असेल तेव्हा काय करणार? म्हणजे "आजकालचे लोक" १९०० वर्षांपूर्वीपण होते.

वाटसरू७:

पाटीसाहेब मस्त लिहिलंय पण एक खोट आहे. तुम्ही सगळा पुरावा शाळेतून काढला, आणि तोही जिथे लिहिणारे नोकर तयार करायचे अशा शाळेतून. लिहायला शिकवणारेच छडीवाले होते, मग लिखित पुराव्यात छडीच सापडणार. जे समाज लिहीत नव्हते त्यांचं काय?

त्यांच्याबद्दल बाहेरच्यांनी लिहून ठेवलंय. १६३३ सालचं कॅनडा, तिथला फ्रेंच जेझुइट पाद्री पॉल ल जून याच्या अहवालात एक प्रसंग आहे. एक फ्रेंच पोऱ्या ड्रम वाजवत होता, तिथला एक मूळनिवासी बघायला जवळ आला तर पोराने त्याच्या डोक्यात ड्रमची काठी घातली, चांगलं रक्त आलं. त्याचे लोक म्हणाले आमच्या रिवाजाप्रमाणे भरपाईच्या भेटवस्तू द्या. फ्रेंच म्हणाले, आमचा रिवाज वेगळा, आम्ही पोरालाच तुमच्यासमोर फोडतो. पोराचे कपडे उतरवले, चाबूक तयार केला. तर ज्यांच्या माणसाचं डोकं फुटलं होतं तेच गयावया करायला लागले की लेकरू आहे, त्याला कळत नाही. तरी फ्रेंच ऐकेनात तेव्हा त्यांच्यातल्या एकाने अंगावरचं काढलं, आपलं पांघरूण पोरावर टाकलं आणि चाबूकवाल्याला म्हणाला, मारायचं तर मला मार, याला मारू देणार नाही.

आणि पाद्रीबुवांनी यावर काय लिहावं? की हे लोक मुलांना शिक्षा करू देत नाहीत, त्यामुळे यांच्या पोरांना शिकवणं आपल्याला अवघड जाणार! त्यावर उपाय म्हणून पोरांना त्यांच्या माणसांपासून लांब ठेवायचं त्याने सुचवलं. पुढे २०० वर्षांनी कॅनडात निवासी शाळा निघाल्या, मूळनिवासी मुलांना घरातून उचलून नेऊन ठेवायचे, आपली भाषा बोलली तरी मारायचे. सुमेरच्या पाटीतली "सुमेरियन बोलला नाहीस" वाली छडी आठवली ना? मला तर वाचताना काटा आला होता.

दुसरं उदाहरण जपान. १५८५ साली लुईस फ्रोइश नावाच्या पोर्तुगीज पाद्र्याने युरोप आणि जपान यांच्यातले फरक ओळीने लिहून काढले, त्यात एक असा की आपण मुलांना चाबकाने मारतो, जपानात हे क्वचितच, ते नुसतं बोलून समज देतात. म्हणजे शिस्तीला चाबूक लागतो हा पण सगळ्यांचा समज नव्हता, कारण शिस्तीत जपानी काही कमी नव्हते. १८७९ च्या तिथल्या शिक्षण आदेशात शाळेत मारायला बंदी पण घातली होती. (पुढे लष्करी जमान्यात ती कागदावरच राहिली, आणि घरात मारण्यावर बंदी यायला २०२० उजाडलं.)

आणि शिकार-कंदमुळांवर जगणाऱ्या टोळ्यांमध्ये मुलांना मारणं बहुतेक ठिकाणी फारच कमी दिसतं. २००५ मध्ये कॅरोल आणि मेल्विन एम्बर या जोडप्याने जगभरच्या समाजांची तुलना केली, निष्कर्ष साधारण असा की जिथे उच्चनीच जास्त, सत्ता थोड्यांच्या हातात, तिथे मुलांना मार जास्त. म्हणजे आईबाप पोराला अशा जगासाठी तयार करत असतात जिथे वरच्यापुढे मान खाली घालूनच टिकता येतं. तुमच्या साहेब आणि खिशातल्या हाताचं उत्तर मला वाटतं इथे आहे.

निवृत्त_फळा:

३१ वर्षं शिकवलं. पहिली बारा-तेरा वर्षं हातात लाकडी पट्टी होती, लपवत नाही.

"कुणी शिकवलं" हे वाचून थांबलो म्हणून लिहितोय. पट्टी सपाट मारली की आवाज मोठा, लागतं कमी, कडेने मारली की आवाज नाही आणि पोरगं कळवळतं. उलट्या हातावर, बोटांच्या पेरांवर तर विचारू नका. यातलं काही ट्रेनिंगला शिकवलेलं नाही, सगळं स्टाफरूममध्ये शिकलो, सीनियर लोक सुपारी कातरल्यासारखं सहज सांगायचे. त्यांना त्यांच्या सीनियरनी सांगितलेलं. आणि त्याआधी स्वतःच्या बोटांवर शिकलेलोच होतो की. तेव्हा कुणी शिकवत नाही हे खरं नाही, व्यवस्थित शिकवतात.

अजून एक गोष्ट ग्रंथवाल्यांच्या लक्षात येत नाही. साठ पोरं, एक खोली, एक मास्तर, पस्तीस मिनिटं. पट्टी पोराला सुधारायला नसतेच, उरलेल्या एकोणसाठांना गप्प करायला असते. म्हणून तर वर्गासमोर बोलावून मारायचं. छमछम आणि घमघम वगैरे म्हणी नंतर चिकटवलेल्या.

मी का बंद केलं विचाराल तर काही मोठं तत्त्वज्ञान नाही. एकदा फळा पुसायला हात वर केला तर पहिल्या बाकावरच्या मुलीने मान खाली घेऊन डोक्यावर दोन्ही हात धरले. मी तिला कधी मारलंच नव्हतं.

कोपऱ्यातली_खुर्ची:

सर __/\__

धर्माचं विचारलंय म्हणून. बायबलच्या नीतिसूत्रांत १३:२४ ला आहे की जो छडी आवरतो तो मुलाचा द्वेष करतो. पण इंग्रजीत छडीची जी म्हण सगळ्यांच्या तोंडी आहे ना, छडी आवरा आणि पोर बिघडवा, ती जशीच्या तशी बायबलमधली नाहीच, सॅम्युअल बटलरच्या एका विडंबन काव्यातली आहे, १६६४ चं, आणि तिथे ती चेष्टेत येते, प्रेमाच्या संदर्भात. लोक गेली साडेतीनशे वर्षं विनोद देवाच्या नावावर खपवतायत.

पण श्रद्धेचा भाग खोटा नाही. मूल जन्मतः पापी, त्याची इच्छा लवकर मोडली नाही तर आत्मा वाया जाणार असं मनापासून मानणारे लोक होते. मेथडिस्ट पंथ काढणारा जॉन वेस्ली, त्याच्या आईचं १७३२ चं पत्र आहे, मुलं कशी वाढवली त्याबद्दल. त्यात ती लिहिते की वर्षाची झाली की (काही तर त्याआधीच) मुलांना छडीची भीती आणि हळू आवाजात रडायला शिकवलं, त्यामुळे घरात रडण्याचा आवाज क्वचितच यायचा.

बाईला एकोणीस मुलं झाली, त्यातली निम्मी लहानपणीच गेली, तिला राक्षसीण म्हणावं असं मला वाटत नाही. पण "हळू आवाजात रडायला" हे डोक्यातून जात नाही. @अर्धवट_पालक तुमचा मुलगा रडला नाही म्हणालात तेव्हा पहिलं हेच आठवलं. सॉरी, टोचायचं नव्हतं.

कलमबहाद्दर:

कायद्याची बाजू कुणीच घेतली नाही म्हणून मी, पोटापाण्याचा धंदा.

वर मनुस्मृतीचा उल्लेख आलाय, पाटीसाहेबांनी पाठीचा श्लोक सांगितला पण त्याच्या आधीचा सोडला, ८.२९९. मारायची परवानगी कुणाकुणाला? बायको, मुलगा, दास, शिष्य (काही पाठांत नोकर) आणि सख्खा भाऊ. यादी बघा. रोममध्ये पण तेच, घरातल्या कर्त्या पुरुषाची सत्ता मुलं आणि गुलाम दोघांवर, आणि लॅटिनमध्ये पुएर म्हणजे मुलगा पण आणि गुलाम पोऱ्या पण, ग्रीकमध्ये पाइस तसंच. म्हणजे मूल हा वेगळा विषयच नव्हता, घरातल्या मारता येण्यासारख्या माणसांपैकी एक. मग शेकडो वर्षांत त्या यादीतून एकेक जण सुटत गेला. ब्रिटिश सैन्यात शिपायाला फटके मारणं १८८१ ला बंद झालं. तिथल्या सरकारी शाळेतल्या पोराला छडी बंद कधी? १९८७. म्हणजे बंदूकवाला सुटल्यावर १०६ वर्षांनी दप्तरवाला सुटला!

आता आपण ज्याला "मर्यादित शिक्षा चालते" म्हणतो ते शब्द कुठले ते ऐका. १८६०, इंग्लंडमधलं ईस्टबर्न, थॉमस हॉप्ली नावाचा मास्तर. पंधरा वर्षांचा विद्यार्थी अभ्यासात मागे, मास्तरने बापाला पत्र लिहून मारायची परवानगी घेतली (लेखी!) आणि रात्री उड्या मारायच्या दोरीने आणि काठीने दोन तासांच्या वर मारलं. सकाळी पोरगं मेलेलं. शवविच्छेदनात कळलं की त्याच्या मेंदूत पाणी साठलेलं, शिकायला जड जात होतं ते त्यामुळे. मास्तरला चार वर्षं सक्तमजुरी. पण निकाल देताना न्यायाधीशाने म्हटलं की आईबापांना आणि त्यांनी ज्याला अधिकार दिला त्या शिक्षकाला माफक आणि वाजवी शारीरिक शिक्षेचा हक्क आहे, इथे ती मर्यादा ओलांडली. झालं. मेलेल्या पोराच्या खटल्यातून मारण्याचा हक्क पक्का होऊन निघाला आणि इंग्रजी कायदा जिथे जिथे गेला तिथे तो विचार गेला. भारतीय दंड संहिता त्याच वर्षीची, १८६०, कलम ८९, बारा वर्षांखालच्या मुलाच्या हितासाठी पालकाने किंवा त्याच्या संमतीने सद्भावनेने केलेली कृती गुन्हा धरायचे नाहीत (२०२४ ला ती संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली), आणि मास्तर लोकांचे वकील वर्षानुवर्षं त्याच्याच आडोशाला उभे राहिले. शाळेतली मारहाण बंद करणारं स्पष्ट कलम शिक्षण हक्क कायद्यात आलं, २००९ चं कलम १७.

आणि अमेरिका. १९७७ ला त्यांच्या सुप्रीम कोर्टात एका शाळकरी मुलाचं प्रकरण गेलं, वीसच्या वर फळकुटाचे फटके खाल्लेले, कारण मास्तरने सांगितल्यावर लवकर हलला नाही. कोर्ट म्हणालं, राज्यघटनेत क्रूर शिक्षेला बंदी आहे ती गुन्हेगारांसाठी, शाळेतल्या मुलांसाठी नाही. पाच विरुद्ध चार. चोराला फटक्यांपासून संरक्षण आणि पोराला नाही, हे मी ज्युनियर पोरांना सांगतो तेव्हा त्यांना मी थापा मारतोय वाटतं.

जुनी_वही:

म्हणजे शेवटी सगळं इंग्रजांच्या डोक्यावर का? आणि कायदे करून घरातलं काय थांबणार आहे, पोलीस प्रत्येकाच्या घरी बसणार का?

कलमबहाद्दर:

नाही हो, पतंजलीच्या वर्गात कुठले इंग्रज. त्यांनी फक्त कायद्याचं कोंदण दिलं.

पोलिसांचं म्हणाल तर स्वीडन बघा. १९७९ ला घरात सुद्धा मारायला बंदी घालणारा पहिला देश. त्या कलमात वेगळी शिक्षाच ठेवलेली नाही, पोलिसांपेक्षा सांगण्यावर भर. सरकारने घरोघरी पत्रकं वाटली आणि दुधाच्या खोक्यांवर मजकूर छापला, म्हणजे सकाळी आईबाप आणि पोरगं एकाच टेबलावर बसून तेच वाचणार. आता असे ६० च्या वर देश आहेत. सगळीकडे हात थांबले असं मी म्हणत नाही, पण मारणारा "हा माझा हक्क" म्हणत नाही, "चुकून उठला" म्हणतो. अर्धवटरावांनी पण तेच लिहिलंय बघा वर.

वाटसरू७:

"आम्ही मार खाल्ला, काही बिघडलं नाही" यावर एकच. सुमेरच्या त्या शाळेत मारणारे जे होते ना, देखरेखवाले, दारावरचे, ते पण त्याच शाळेत शिकलेले असणार. त्यांचं पण काही बिघडलं नव्हतं.

जुनी_वही:

बरं बाबा. फळा सरांची गोष्ट वाचून मी पण जरा गप्प झालो हे कबूल करतो. माझ्या वडिलांचा पट्टा खुंटीला असायचा, काढायला लागायचा नाही, नुसती बकलची किणकिण झाली की आम्ही तिघं भावंडं पुस्तक उघडायचो. कुठलं उघडलंय ते बघायचो पण नाही. एकदा उलटं होतं.

अर्धवट_पालक:

सगळ्यांचे खूप आभार, इतकं मिळेल वाटलं नव्हतं. @कोपऱ्यातली_खुर्ची टोचलं, पण ठीक आहे.

काल त्याला सॉरी म्हटलं, आणि कुणी शिकवलं याचं उत्तर म्हणून (माझे वडील, शाळेतले एक सर, असं खरं खरं सांगून झाल्यावर) ती मातीच्या पाटीवाल्या मुलाची गोष्ट सांगितली. छड्यांची यादी त्याने बोटांवर मोजली, अक्षरासाठीची छडी त्याला सगळ्यात अन्यायाची वाटली कारण त्याचं पण अक्षर दिव्य आहे. मग सर घरी आले, नवे कपडे, अंगठी वगैरे सांगितलं. बराच वेळ काही बोलला नाही, मला वाटलं झोपला. मग म्हणाला, "पण मार त्या मुलाने खाल्ला ना? मग गिफ्ट सरांना का?"

पाटीसाहेब, तुमचाच प्रांत आहे, काय सांगू त्याला?